घळीतली चुनखडी

माझे घरमालक सायकल चालवायचे कमी आणि खांद्यावर घेऊन फिरायचे जास्त. माणगावला त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेले, त्या पहिल्याच रविवारी संध्याकाळी हे मला कळलं. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. हे गृहस्थ परसातून आले ते गुडघ्यापर्यंत ओले, हाफ पँट, डोक्याला पंचा आणि खांद्यावर अख्खी सायकल. मला वाटलं, चाक गेलं असणार.

"पंक्चर झाली का?" मी विचारलं.

"न्हाय. हवा टाईट हाय," ते म्हणाले आणि माझी खात्री पटावी म्हणून टायर दाबून दाखवला. मग सायकल भिंतीला टेकवली, खिशातून लिंबाएवढा दगड काढला आणि माझ्या ओल्या हातावर ठेवला. "मॅडम, ह्यो तुम्हाला काळा दिसतो का करडा?"

"काळा."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. लॅबमध्ये रिपोर्ट वाईट आला की माणसं बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दगड परत खिशात घातला. मी आपली जेवताना विचार करत बसले, की बाई, आपण काय चुकीचं बोललो?

मी तेव्हा एस.टी. स्टँडजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. रक्त घ्यायचं, लघवी तपासायची, रिपोर्ट लिहायचे. मूळची मी उरणकडची, मिठागरवाल्यांची. अडीच वर्षं त्या खोलीत काढली आणि अडीच वर्षांत मला त्या माणसाचा थांग लागला नाही. अजूनही लागलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. वेडा म्हणावं तर एकेक शब्द चोख. शहाणा म्हणावं तर खांद्यावर सायकल.

सरकारी नोकरीत ते साखळीवाले होते. म्हणजे साहेब सावलीत दुर्बिणीला डोळा लावून बसलेला असतो, तेव्हा मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरून काट्याकुट्यात जो उभा राहतो, तो माणूस. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण साखळी काही सुटली नव्हती. स्टँड किती लांब, असं विचारलं की ते म्हणायचे, "बावीस साखळ्या." मला साखळी म्हणजे किती ते ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "चाला, मग कळंल." बायको वारलेली, मुलगा कल्याणला. घरात ते एकटेच, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलेले काळे दगड.

त्यांचा एक नियम होता. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही. मोजणीत म्हणे असंच असतं. एका वाटेने निघायचं, दुसऱ्या वाटेने फिरून मूळ खुंटीला यायचं, तरच माप खरं. हा नियम त्यांनी दूध आणायलाही लावला होता. जाताना हायवेने, येताना नदीकडून. सायकल कुठे उभी करून पुढे पायी जायची सोयच नव्हती, कारण तिला आणायला त्याच वाटेने परत यावं लागलं असतं. म्हणून सायकल खांद्यावर. हे सगळं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं आणि मला ते पटलंही. तेव्हापासून मला जास्तच गोंधळल्यासारखं व्हायला लागलं.

दुसरी खोड अॅसिडची. संडास धुवायचं अॅसिड पाणी घालून पातळ करून ते डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायचे आणि दिसेल त्या दगडावर एक थेंब सोडायचे. मी बाटली बघितली तेव्हा माझं डोकंच फिरलं. ती हिसकावून घेतली आणि वर पट्टी चिकटवून लिहिलं : अॅसिड, डोळ्यात घालू नये. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय."

"पण हे करता कशाला?"

"दगडाला इचारायचं मॅडम. माणूस काय बी सांगंल, दगड खोटं बोलायचा न्हाय. चुनखडी आसंल तर फसफसतो. आपला काळा दगड ढिम्म."

एकदा आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी दवाखान्याला संगमरवराची पायरी बसवून घेतली. मालक शुगर तपासायला आले, खाली वाकले, थेंब टाकला. पायरी फसफसली. आत येऊन रांगेतल्या माणसांना ते सांगत सुटले की पायरी फसफसली, पायरी फसफसली. डॉक्टर बाहेर आले तर नव्याकोऱ्या पायरीवर पाच रुपयाच्या नाण्याएवढा खरबरीत डाग. मालकांचा आनंद बघून डॉक्टरांना ओरडताही येईना. शेवटी ते माझ्यावर ओरडले, म्हणजे तो भाडेकरूच्या वाट्याचा ओरडा.

आता आपल्या रायगडात सगळा काळा पाषाण. खणाल तिथे काळा. शाळेतलं पोर सांगेल की इथे चुनखडी नाही. आणि हा माणूस तर आयुष्यभर याच दगडात पहारी मारत आलेला. मग शोधतोय काय? हे मला कळायला पहिला पावसाळा जावा लागला. एका संध्याकाळी ओट्यावर शेंगा खात बसले असताना त्यांनी आपणहून सांगितलं, शेंगा सोलता सोलता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

तरुणपणी ते धरणाच्या मोजणीवर होते. डोंगराकडच्या एका नदीवर जागा शोधत होते. नदी तिथे एका अरुंद घळीतून येते, आणि घळीच्या वरच्या अंगाला त्यांच्या थोरल्या बहिणीची वाडी. चाळीसेक घरं. साहेबाने विचारलं, भिंत घालायला पक्का दगड कुठे मिळेल? आणि यांनी, बहिणीकडे जाऊन येऊन घळ पाठ असलेल्या माणसाने, घळीच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं, "हितं सायेब. हितं दगड अखंड हाय." साहेबाने पाठ थोपटली. खुंटी तिथेच मारली.

फाईल पुढे कुठेतरी पडून राहिली. सगळे विसरले. मी राहायला जायच्या चार-पाच वर्षं आधी ती पुन्हा वर आली, माणसं आली आणि वाडीतल्या घरांवर लाल रंगाने आकडे घालून गेली. बहिणीच्या घरावरही. वाडीची सभा भरली, तिथे कुणीतरी म्हणालं, जागा दाखवली कुणी? तर हिच्याच भावाने. मालक त्या सभेत बसलेले होते. ते उठले, सायकल घेतली आणि निघाले. त्यानंतर वाडीत पाऊल टाकलं नाही. भाऊबीजेलाही नाही.

"मग चुनखडीचं काय?" मी विचारलं.

"चुनखडीत पाणी ठरत न्हाय मॅडम. झिरपून जातं. नववीच्या पुस्तकात दिलंय. त्या घळीत चुनखडी घावली, तर तितं धरण व्हणार न्हाय." त्यांनी टरफलं गोळा केली. "मी चुकलो व्हतो, येवढं फकस्त सिद्ध झालं पायजे."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आपण बरोबर होतो हे दाखवायला धडपडणारी माणसं मी घरोघर बघितली आहेत. हे काहीतरी भलतंच होतं. आणि कुणापेक्षाही जास्त त्यांनाच ठाऊक होतं, की ते चुकले नव्हते.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? आमच्या आजोबांची मिठागरं बंदरात गेली, तिथे आता कंटेनर एकावर एक उभे असतात. आजोबा मरेपर्यंत रोज बांधावर जावं तसं त्या कुंपणापर्यंत जाऊन यायचे. आमची माणसं ओरडली, रस्त्यावर बसली. आणि हा गृहस्थ नववीचं पुस्तक आणि डोळ्यांच्या औषधाची बाटली घेऊन निघालाय. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्या डोकऱ्याचे नादाला लागू नको." पण मालकांच्या खिशातल्या दगडाकडे बघून "काळा" म्हणणं माझ्याच्याने होईना. मी "करडा" म्हणायला लागले. अगदी थोडा करडा, मालक. कडेकडेने.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरची थंडी पडली तेव्हा, ते एका रविवारी सायकल टेकवायचंही विसरले. ती परसात आडवी पडली आणि हे माझ्या दारात.

"फसफसला."

"कोण?"

"दगड. घळीतला. तीन येळा इचारलं, तिनी येळा फसफसला."

पुढच्या रविवारी आणखी एक, थोडा वरचा. त्याच्या पुढच्या रविवारी त्याच्याही वरचा. मालकांची झोप उडाली. लॅबवाल्या माणसाने डोळ्यांनी बघितलं पाहिजे, असा त्यांनी धोसरा घेतला. मी लॅबमधल्या मावशींच्या मुलीची शाळेची सायकल मागून आणली, पुढे जाळीची टोपली असलेली, गुलाबी. सकाळी निघालो. हायवे, मग फाटा, मग धुळीची गाडीवाट. इथपर्यंत मी माणसासारखी सायकलवर होते. घळीच्या तोंडाशी मी उतरले आणि सायकल करंजाला टेकवली.

"ती न्यायला कोन येनार?" मालकांनी विचारलं.

मग काय, गुलाबी सायकल खांद्यावर. घळ म्हणजे दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या सरळ भिंती, तळाला घोट्याएवढं पाणी आणि जागोजागी पाण्याने कोरलेले रांजणखळगे. एकात मी कमरेपर्यंत गेले. पेडल बरगडीत घुसत होतं. मनातल्या मनात मी त्यांना जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालक मात्र पुढे, सत्तरीतला माणूस, सायकल अशी घेऊन चालले होते की तीच त्यांना नेत असावी.

पाऊण तास गेल्यावर ते थांबले. या जागेवरून डाव्या हाताला एक गुरांची वाट समोरच्या डोंगरावर चढत होती. इतकी वर्षं ते इथूनच बाहेर पडत, वाडी टाळून. तिथल्याच कातळावर, हाताच्या उंचीवर, चिरेत पांढरट काहीतरी होतं. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. मी थेंब सोडला. फसफसलं. चांगलं दुधासारखं फसफसलं. मला हसूच आलं, आनंदानेच म्हणा.

"बगा," ते म्हणाले, "शीर वर चढत जाते." आणि खरंच, दहा-वीस पावलांवर दुसरा पट्टा, मग तिसरा, प्रत्येकाशी त्यांनी खडूने तारीख लिहिलेली. पट्टे सगळे वरच्या बाजूला, वाडीच्या दिशेने. एका ठिकाणी ते वाकले आणि पांढऱ्यातून नखाएवढा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो शिंपला. पुस्तकात लिवलंय, चुनखडी समुद्रातल्या शिंपल्यांची बनते. हितं येका काळी समुद्र व्हता मॅडम."

मी तुकडा बघितला. बारीक रेघा, आतून जांभळट झाक, एक कड जळून राखाडी. मी उरणची आहे. खाडीतल्या तिसऱ्यांचा शिंपला मला अंधारातही ओळखू येईल. आमच्या दारात त्यांचे ढीग असायचे. तो लाखो वर्षांचा वगैरे काही नव्हता. तो भट्टीत अर्धा कच्चा राहिलेला शिंपला होता, आणि ते पांढरं म्हणजे खाडीवर भाजतात तो घरं रंगवायचा चुना होता. कुणीतरी तो चिरेत थापून वाळवला होता.

मी तोंड उघडलं आणि मालकांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. कुणी टवाळकी केली यांची? की यांनीच थापला, आणि मला साक्षीदार म्हणून आणलं? इतका साधा दिसणारा माणूस मला असा वापरेल का? तोवर ते पुढच्या पट्ट्याकडे निघाले होते.

शेवटचा पट्टा वाडीच्या पाणवठ्याच्या पायऱ्यांशी होता. तिथे एक म्हातारी कळशी बाजूला ठेवून उभी होती. पाणी भरायची तिला काही घाई दिसली नाही. मालक तिला बघून थबकले. सायकल खांद्यावरच होती आणि ती उतरवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"बाय," ते म्हणाले, "चुनखडी हाय. धरण न्हाय व्हनार."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "बरं झालं. हात धू, भाकऱ्या टाकते."

एवढंच. सहा वर्षांनी भेटलेली भावंडं. मालकांनी हात धुतले, तोंड धुतलं, परत एकदा हात धुतले. घराच्या भिंतीवर लाल आकडा होता, त्याच्याकडे न बघता ते आत गेले आणि चुलीपाशी जाऊन बसले. तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं. ते जेवत होते आणि धरणाच्या पायात पाणी कसं झिरपतं ते बहिणीला समजावून सांगत होते. ती "व्हय, व्हय" करत त्यांच्या ताटाकडे बघत होती.

पाणी प्यायला म्हणून मी मागच्या पडवीत गेले. तिथे कोपऱ्यात बादली होती. आत सुकलेला चुना आणि काथ्याचा कुंचा. मी वळले तर म्हातारी मागे उभी.

"सुनेचं म्हायार खाडीवर हाय," ती म्हणाली. "तितनं चुना येतो."

मला संताप आला. रिपोर्ट खोटा दिला तर माझी नोकरी जाते, आणि इथे एका माणसाला महिनाभर खोटा रिपोर्ट चालला होता. मी आवाज खाली ठेवून पण चांगलंच बोलले. म्हटलं, आक्का, त्यांना खरं वाटतंय. ते उद्या हे घेऊन ऑफिसात जातील. साहेब हातोडीने एक टवका उडवेल आणि आत काळा दगड निघेल. सगळ्यांच्या समोर हसं होईल त्यांचं. का केलंत तुम्ही असं?

तिने पदराने हात पुसले. "दर आयतवारी मी वरनं बगायची त्याला. सायकल घेऊन येयाचा, दगडास्नी थेंब थेंब पाजायचा आनि त्या गुरांच्या वाटंनं निघून जायाचा. हाक मारली तर खाली मान. साहा वरसं. मग म्हटलं, त्याला काय हवंय ते थोडं देऊ. पयला त्या वाटंशी थापला. मग दर आठवड्याला थोडा वर, थोडा वर. सून हात धरायची. धरण व्हयाचं आसंल तर व्हईल बाय, ते का माज्या हातात हाय? तवर त्यो जेवून तरी जाईल."

मी पाणी प्यायले आणि आत जाऊन बसले. मला रडू येत होतं आणि ते सुकटीच्या तिखटावर घालवता आलं.

परतताना वाडीमागच्या सपाटीवरून आम्ही चक्क सायकलवर बसून आलो. मालक पुढे, घंटी वाजवत, रस्त्यात कुणी नसताना. मी मागून त्यांच्या पिशवीकडे बघत होते. पिशवीत हातोडी होती, कायम असायची. बाकी हजार दगडांवर त्यांनी ती चालवली होती. खिशातले ते तुकडे त्याच हातोडीने काढलेले. या पट्ट्यांवर ती त्यांनी एकदाही बाहेर काढली नव्हती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मी फाट्यावर जवळजवळ टेम्पोखाली गेले. चाळीस वर्षं दगड हाताळलेल्या माणसाला चुना कळत नाही? की कळत होता, आणि तरी तो एकेक पट्टा धरून वर गेला? की खरंच कळलं नाही, कारण कळून घ्यायचंच नव्हतं? मी आजही यातलं एक उत्तर पक्कं करते, आणि दोन दिवसांत ते मला पटेनासं होतं.

धरणाचं विचाराल तर ते अजून झालेलं नाही. रद्दही झालेलं नाही. घरांवरचे आकडे पावसात फिके होतात आणि कुणीतरी येऊन पुन्हा रंगवून जातं.

त्याच आठवड्यात मालक माझ्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कोरा कागद. लॅबच्या वतीने मी लिहून द्यायचं होतं, की घळीत चुनखडी आहे. तो कागद घेऊन ते सोमवारी ऑफिसात जाणार होते. मी कागद हातात घेतला. खरं सांगितलं तर पुढच्या रविवारी ते बहिणीकडे जाणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. लिहून दिलं तर सोमवारी हातोडी पडणार. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"मालक, एवढ्याने नाही होत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. "आमच्यात एका सॅम्पलवर रिपोर्ट देत नाहीत. दर रविवारी एक घ्यायचं. वरून, पाणवठ्यापासून. निदान बारा तरी लागतील."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग कागद माझ्या हातातून घेतला, नीट चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"बारा कमी पडतील मॅडम," ते म्हणाले. "सरकारी काम हाय. तुम्ही शंभर धरा."